लूम सुरू झाले की पिन काढायची

अजूनही भिंतीवरच्या त्या इलेक्ट्रिक बोर्डाकडं नजर गेली की माझ्या हातातली सुई थांबते. विश्वासच बसत नाही. एवढीशी गोष्ट, आणि तिच्यापायी आमच्या घरातलं बोलणारं माणूस कायमचं मुकं व्हायची वेळ आली होती. कुणी बाहेरच्यानं केली असती तर मी त्याला असं सोडलं नसतं. पण बाहेरचं कुणी नव्हतंच.

मुळापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई कुठून कुठं चालली.

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. सोलापूर-बार्शी गाडीवर सगळी नोकरी गेली. या माणसाचं तोंड कधी बंद नसायचं. गाडीत चढणाऱ्या म्हातारीला "कुटं जायचं आज्जी, वडाळा का वैराग?" इथनं जे सुरू व्हायचं, ते रात्री ताटावर बसून आमटीत मीठ किती पडलंय इथपर्यंत यायचं. आमटीचं आणि यांचं काय वैर होतं कोण जाणे. खारट झाली तर बोलणार, अळणी झाली तर बोलणार, आणि चांगली झाली तर "आज शेजारणीनं केली का?" म्हणून विचारणार. मी पण काही कमी नव्हे. "उद्यापासून बार्शी स्टँडवरच जेवत जावा," हे माझं ठरलेलं उत्तर. लोकांना वाटायचं यांचं पटत नाही. आमचा संसारच असा तोंडावर चालला होता.

रिटायर होऊन फार दिवस झाले नव्हते आणि अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालायला लागले, आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, यांना समजतं सगळं, शब्दही आत आहेत, बाहेर यायची वाट तेवढी बिघडलीय. एक दिवस गडबडीत मी आमटीत मीठच टाकायला विसरले. यांनी ती वाटीभर आमटी खाली मान घालून संपवली, कपाळावर आठीसुद्धा नाही. नंतर मी जेवायला बसले तेव्हा पहिल्याच घासाला कळलं. मी मोरीत जाऊन रडले. यांच्या आजारपणात मी तेवढी एकदाच रडले, बाकी वेळ सगळ्यांवर ओरडत होते.

बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम भेटल्या. तरुण पोरगी, पण चिकाटी लई. आधी त्या सोलापुरातच दवाखान्यात बसायच्या आणि यांना समोर बसवून शिकवायच्या. त्यांनी एक युक्ती काढली. म्हणाल्या, "काकांनी आयुष्यभर जी नावं ओरडली, तिथनंच सुरू करू." आणि खरंच, काही आठवड्यांत या माणसाच्या तोंडातनं अडखळत का होईना, "नान्नज, वडाळा, वैराग, पानगाव, बार्शी" अशी अख्खी गाडी निघाली. मी तिथंच खुर्चीवर बसून टाळ्या वाजवल्या. दवाखान्यातली माणसं बघायला लागली, तर बघू दे.

मग मॅडमना पुण्यात नोकरी लागली. त्या म्हणाल्या, "काळजी करू नका काकू, लॅपटॉपवरनं शिकवते." हैदराबादेत नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीनं तिचा जुना लॅपटॉप पाठवला. मोबाईल चालणार नव्हता, कारण झटक्यानंतर यांना उजवीकडचं नीट दिसत नाही आणि बारक्या पडद्यावरची चित्रं तर अजिबात नाही. वायफाय बसवून घेतलं. सकाळची वेळ ठरली, कारण दुपारनंतर मॅडमना त्यांच्या दवाखान्यात सवड नसायची.

आणि तिथनं आमचं सगळं उलटं फिरलं.

मॅडम विचारायच्या, "काका, हे काय आहे?" ते आमच्याकडं पोचायचं जरा वेळानं. हे जुळवाजुळव करून "कप" म्हणायचे. ते तिकडं पोचायच्या आत मॅडमना वाटायचं काका गप्प आहेत, म्हणून त्या परत विचारायच्या. यांचा "कप" आणि त्यांचा दुसरा प्रश्न वाटेत एकमेकांवर आदळायचे. मग पडदा थिजायचा, मॅडमचं तोंड अर्धं उघडं राहायचं, आणि आवाज तुटत तुटत यायचा. हे गोंधळून माझ्याकडं बघायचे. मी कुठली गप्प बसतेय, मीच सांगून टाकायची, "कप म्हणालेत ओ ते, कप." हळूहळू असं झालं की मॅडम विचारायच्या आणि मी उत्तर द्यायची. हे मांडीवरच्या लुळ्या हाताकडं बघत बसायचे. दवाखान्यात येत होती ती गावांची नावंसुद्धा यायची बंद झाली.

वायफायवाल्याला मी किती वेळा बोलावलं असेल, विचारू नका. त्यानं वायर बदलली, राउटर बदलला, वरचा प्लॅन घ्यायला लावला. राउटरला लाईट गेल्यावर चालायला वेगळी छोटी बॅटरीही लावून दिली. तो यायचा दुपारी जेवणाच्या सुट्टीत. स्वतःच्या मोबाईलवर स्पीड बघायचा, आमच्या लॅपटॉपवर बघायचा, आणि पडदा माझ्याकडं फिरवून म्हणायचा, "बगा की मावशी, फुल्ल हाय." दुपारी खरंच फुल्ल असायचं. सकाळी मॅडम आल्या की मेलेलं असायचं. मला वाटायला लागलं, हा माणूस मला वेड्यात काढायलाय.

आता आमचं घर कुठं आहे ते सांगायला पाहिजे. आम्ही सोलापूरच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत राहतो. आमच्या भिंतीला भिंत लावून पॉवरलूमचं शेड आहे, टॉवेलचं. शेडचे मालक तेलुगू, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, चांगला माणूस. सकाळी लूम सुरू झाले की आमच्या मांडणीतली भांडी थरथरतात. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, पाहुण्यांना वाटतं. वाईट एवढंच की लूम सुरू-बंद होताना आमच्या गल्लीत करंट खालीवर होतो. त्यात आमचा एक टीव्ही जळाला, मग मिक्सर जळाला. मिक्सर जळाला त्या दिवशी यांनी घरात कायदाच केला: लूम सुरू झाले की महागाच्या वस्तूची पिन बोर्डातनं काढायची. दुपारच्या सुट्टीत आणि लूमच्या आठवडी सुट्टीला लावायची. आमच्या गल्लीत बहुतेक घरी हाच कायदा आहे. लहान पोरांनासुद्धा ठाऊक असतो.

आजारपणात सगळी कामं यांच्या हातातनं गेली, हे एक राहिलं. लूमचा आवाज आला की हे पाय ओढत बोर्डापाशी जायचे, डाव्या हातानं लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढायचे आणि वायर गुंडाळून ठेवायचे. मला बरं वाटायचं. म्हटलं, चला, घरात आपली काही गरज आहे असं तरी माणसाला वाटतंय.

दोन आणि दोन चार करायला मला वेळ लागला नाही. लूम चालू असले की नेट मरतं, लूम बंद असले की जिवंत होतं. आठवडी सुट्टीला लेकीशी बोललो की तिच्या कानातलं हललेलंसुद्धा दिसायचं. मी तरातरा अण्णांच्या शेडमध्ये गेले आणि त्या आवाजात ओरडून सांगितलं, "अण्णा, तुमच्या लूमनं आमच्या नेटचं वाटोळं केलंय."

"काय वो वहिनी," अण्णा म्हणाले, "लूम टॉवेल विणतंय. नेट कशाला खाईल?"

"खातंय. तुम्ही या आणि डोळ्यानं बघा."

दुपारची सुट्टी संपायच्या जरा आधी अण्णा आले. मी लेकीला फोन लावायला सांगितलं. ती पडद्यावर आली, चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, अण्णांना नमस्कारही केला तिनं. मग पलीकडं एकेक लूम सुरू झाला. हे उठले, पिन काढली, वायर गुंडाळली. आणि लेकीचा चेहरा थिजला. आवाज फाटला. अण्णांनी कपाळाला हात लावला. "खरंच की वो, वहिनी."

त्या दिवशी खोलीत आम्ही तिघं होतो. तिघांच्या डोळ्यांसमोर ती पिन निघाली. तिघांपैकी एकालाही ती दिसली नाही. 

पुढच्याच आठवड्यात मॅडमचा मला मोबाईलवर फोन आला. आवाज पडलेला. म्हणाल्या, "काकू, काका उत्तर द्यायला आधीपेक्षा जास्त वेळ घेतायत. दवाखान्यात होते त्याच्यापेक्षा मागे गेलेत. पुढच्या वेळी मी नीट तपासणी करते. फरक नसेल तर आपण थांबू. दर वेळी काकांना असं बसवून दमवण्यात अर्थ नाही, आणि मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही."

मी म्हटलं, "ओ मॅडम, नेटमुळं होतंय ते."

"थोडं नेटमुळं असेल काकू. पण समोर बसल्यासारखी उत्तरं येत नाहीत, हे खरं आहे ना?"

 फोन ठेवून मागं वळले तर हे दारात उभे. सगळं ऐकलेलं. मी काही बोलायच्या आत यांनी डावा हात हलवला, बास म्हणून, आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपले.  वैद्य-डॉक्टरांनी आशा सोडली तर मी भांडू शकते. हेच सोडायला लागले तर कुणाशी भांडू?

मी परत अण्णांकडं गेले. या वेळी ओरडले नाही, त्यानंच ते घाबरले असावेत. मी म्हटलं, "तपासणीच्या वेळेपुरते लूम बंद ठेवा अण्णा. परत कधी मागणार नाही." शेडमधली माणसं मीटरवर काम करतात, जेवढं विणलं तेवढेच पैसे, लूम थांबला की त्यांची कमाई थांबते, हे मला माहीत होतं. तरी मागितलं. अण्णांनी कामगारांशी तेलुगूत काहीतरी बोलणं केलं आणि म्हणाले, "ठेवतो वहिनी. त्यांचं बोलणं परत येऊ दे."

तपासणीची सकाळ आली. यांना आंघोळ घातली, लवकर जेवू घातलं, इस्त्रीचा शर्ट चढवला. ठरल्याप्रमाणे लूम थांबले. आमच्या गल्लीत कामाच्या दिवशी सकाळी इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. यांचा हात मात्र सवयीनं बोर्डाकडं गेलाच. लूमची वेळ, पिन काढायची वेळ. पिन निघाली, वायर गुंडाळली गेली. मी बघितलं आणि काही बोलले नाही, कारण त्यात बोलण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

मॅडम आल्या. "काका, नमस्कार. आज आपण..." आणि थिजल्या.

मी बघतच राहिले. लूम बंद होते. सगळेच्या सगळे बंद होते, खिडकीतनं मला शेडच्या दारात बसलेले कामगार दिसत होते. आणि पडद्यावर रोजचंच चाललं होतं: अर्धं तोंड, तुटका आवाज, उशिरा येणारे प्रश्न. मॅडमनी घड्याळाचं चित्र दाखवलं. यांनी ओठ हलवले, तोवर पुढचं चित्र आलं. हे थांबले. तिसऱ्या चित्राला यांनी ओठ उघडलेच नाहीत.  म्हणजे लूमचा काही संबंधच नव्हता. मी अण्णांना उगाच बोलले होते, त्या माणसांचं काम उगाच थांबवलं होतं. आणि नेटचा दोष नसला तर मग मॅडमचंच खरं होतं. दोष यांच्यातच होता.

तेवढ्यात पडद्यावर बॅटरी संपत आल्याची खूण आली. आदल्या दिवशी दुरुस्तीसाठी दिवसभर लाईट बंद होती, लॅपटॉप पुरता चार्ज झाला नव्हता. लूम बंद आहेत तर लावायला हरकत नाही म्हणून मी उठले, वायर सोडली, पिन बोर्डात घातली आणि बटण दाबलं.

"...ऐकू येतंय का काका?"

मी गर्रकन वळले. मॅडमचा आवाज खोलीत बसल्यासारखा आला होता. ओठ आणि शब्द बरोबर चालले होते. त्यांच्या मागच्या खिडकीत कावळा उडालेला दिसला. मी पिनकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं. पिन काढली. जरा वेळातच चित्र अडकलं. घातली. सुटलं. मॅडम म्हणाल्या, "काकू, काय करताय तुम्ही?"  परत काढली, परत घातली.  यांच्याकडं बघायचं धाडस होईना.

मॅडमना थांबायला सांगून मी लेकीला मोबाईल लावला आणि स्पीकरवर टाकला. काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "अगं आई, सेटिंग आहे ते. बॅटरीवर असताना वीज वाचवायला लॅपटॉप वायफायचा भाग अर्धवट झोपवून ठेवतो. चार्जरला लावला की जागा करतो. बघायलाच पाहिजे होतं मी. पण चार्जर लावलेलाच असेल असं वाटलं मला. कॉल चालू असताना चार्जर काढतं कोण?"

आता ती पोरगी याच घरात वाढलेली. पण इतकी वर्षं बाहेर राहिली की तिकडं लूम नाहीत, तिकडं पिना काढत नाहीत. तिनं साधं विचारलं. 

आणि मला खुर्चीतनं आवाज आला. "मी."

हे बोर्डाकडं बघत होते. डावा हात मांडीवरनं उचलून समोर धरला होता, त्याच्याकडं बघत होते.  ओठ थरथरले, मान ताणली गेली, आणि शब्द एकेक करून बाहेर आले. "मी... काढत... होतो."

मी आयुष्यात यांची लाखो वाक्यं ऐकली असतील. कानावरनं गेली, उलट उत्तरं दिली, विसरले. हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.  ज्या हातानं घर सांभाळलं त्याच हातानं आपण आपलं तोंड बंद केलं, हे त्या माणसाला माझ्या डोळ्यांसमोर कळत होतं. आणि ते कळल्याचं तो तोंडानं सांगत होता.

पडद्यावर मॅडमनी तोंडावर हात ठेवला होता. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काका, हे मी शिकवलेलं नव्हतं. हे तुमचं तुम्ही बोललात." पुढं म्हणाल्या, "आणि मी तुमचा उशीर मोजत बसले होते. ते सगळं खोडायला लागेल मला."

लेकीनं फोनवरनं मला एकेक पायरी सांगितली. वीज बचतीची पाटी उघडली, त्यात वायफायच्या नावाखाली दोन ओळी निघाल्या, एक बॅटरीची, एक चार्जरची. चार्जरच्या ओळीत पूर्ण ताकद, बॅटरीच्या ओळीत जास्तीत जास्त बचत. आमच्या घरातल्या त्या सगळ्या महिन्यांचं सार तेवढंच होतं. मी बॅटरीची ओळही पूर्ण ताकदीवर केली. म्हटलं, "आता काढा पिन." हे हलेनात. भ्याले होते. मी परत म्हटलं, "काढा ओ, मी सांगते ना." यांनी उठून पिन काढली आणि वायर गुंडाळायच्या आधी पडद्याकडं बघितलं. मॅडम स्वच्छ दिसत होत्या. त्यांनी हात हलवून दाखवला, तो आमच्याकडं कुठं न अडकता हलला.

दारात अण्णा आले. "झालं का वहिनी? चालू करू का वो?" त्यांची माणसं काम सोडून बसली होती, अण्णांना हे विचारणं भागच होतं. मला त्यांच्याकडं मान वर करून बघवेना. काय तोंडानं सांगू की तुमचा काडीचा दोष नव्हता? मी शब्द शोधायला लागले, आणि तेवढ्यात माझ्या मागनं यांचा आवाज आला, फाटका पण मोठा, गाडीच्या मागच्या बाकापर्यंत जाणारा.

"करा... चालू."

अण्णा माझ्याकडं बघायचे सोडून यांच्याकडंच बघत उभे राहिले. मग डोळे पुसत गेले. जरा वेळानं पलीकडं लूम सुरू झाले, मांडणीतली भांडी थरथरायला लागली. मॅडम पडद्यात होत्या तशाच होत्या.

"आवाज कसला येतोय काकू?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडं रोजच असतो तो," मी म्हटलं.

त्यांनी चित्रं बाजूला ठेवली. म्हणाल्या, "आज तपासणी नको. नुसत्या गप्पा मारू. काका, जेवण झालं का तुमचं?"

आणि मी सवयीनं तोंड उघडलं. "हो, मघाशीच झालं की. भाकरी, आमटी आणि..."

यांचा डावा पंजा वर झाला. भरल्या गाडीत कुणी मागनं पुढं घुसायला लागलं की दाखवायचे, तसा.

"थांब."

मी थांबले. मॅडम थांबल्या. त्यांनी परत विचारलं नाही, घाई केली नाही, नुसत्या बघत राहिल्या. यांनी डोळे मिटले, शब्द शोधला, हातातनं निसटला, परत शोधला.

"आमटी," हे म्हणाले. आणि मग डोळे उघडून थेट माझ्याकडं बघत म्हणाले, "खारट."

मॅडम खळखळून हसल्या, आणि हसू यांच्या शब्दाच्या मागोमाग आलं. मी मात्र उठून स्वयंपाकघरात गेले. मी अजून जेवले नव्हते. पळीभर आमटी काढून तोंडात घातली. खरंच खारट होती. दोनदा मीठ पडलं होतं.